जमिनीतून आलेला मान: माओरी स्त्रियांच्या दोन शतकांचा आढावा

न्यूझीलंडच्या स्त्रियांना १९ सप्टेंबर १८९३ रोजी मतदानाचा हक्क मिळाला. देशाच्या संसदेसाठी सर्व प्रौढ स्त्रियांना मत देणारा हा पहिला देश, म्हणून ती तारीख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. सुमारे ३२ हजार स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज संसदेपुढे नेणाऱ्या केट शेपर्ड यांचे चित्र आज तिथल्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे. त्याच वर्षी, चार महिने आधी, हॉक्स बे भागातल्या वायपातू गावी दुसऱ्या एका संसदेपुढे हीच मागणी झाली होती, पण तिची कारणे वेगळी होती. आपल्या जमिनींचा प्रश्न एकजुटीने लढवण्यासाठी माओरी जमातींनी १८९२ मध्ये ‘ते कोताहितांगा’ नावाची स्वतःची संसद उभारली होती. १८ मे १८९३ रोजी पंचविशीच्या उंबरठ्यावरच्या मेरी ते ताई मंगाकाहिआ तिथे बोलायला उभ्या राहिल्या. स्त्रियांना मत द्याच, शिवाय सभासद म्हणून बसण्याचाही हक्क द्या, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी कारणे सांगितली ती सगळी जमिनीची. अनेक स्त्रिया विधवा आहेत आणि जमिनीच्या मालक आहेत. कित्येकींना भाऊ नाहीत, वडिलांची जमीन त्यांच्याकडे आली आहे. कित्येक जणींना जमिनीचा कारभार नवऱ्यापेक्षा अधिक कळतो. शिवाय पुरुष सरदारांनी राणी व्हिक्टोरियाकडे इतके अर्ज केले, त्यातून काही निघाले नाही. राणी स्वतः स्त्री आहे, कदाचित ती स्त्रियांचे ऐकेल.

शेपर्ड आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया नागरिक म्हणून, आई म्हणून, दारूबंदीच्या कार्यकर्त्या म्हणून मत मागत होत्या. मंगाकाहिआ मालक म्हणून मत मागत होत्या. माओरी स्त्रियांच्या इतिहासाकडे पाहण्याची खरी किल्ली या फरकात आहे, असे मला वाटते. स्त्रीमुक्तीचा जो क्रम आपण गृहीत धरतो, म्हणजे आधी परंपरेची बेडी, मग शिक्षण, मग कायदा, मग मत, तो क्रम इथे लागू पडत नाही. माओरी स्त्रीचा समाजातला मान जमिनीवर आणि माहेरच्या कुळावर उभा होता. इंग्रजी राजवटीने आधी तो पाया काढून घेतला. मत आणि शाळा नंतर आल्या, आणि त्या पायाची भरपाई त्यांनी केली नाही. विसाव्या शतकात माओरी स्त्रियांनी दिलेले मोठे लढे भाषेचे, घरांचे, जमिनीचे होते, आणि ते सगळे त्याच पायाकडे परतण्याचे प्रयत्न होते.

हा पाया कसा होता? जमीन कुळाची असे, पण रताळ्याचे शेत, मासे धरण्याची जागा, पक्षी पकडण्याचे झाड यांवर ठरावीक माणसांचा हक्क असे, आणि तो आईकडून व वडिलांकडून असा दोन्हीकडून येई. लग्नाने मुलगी कुळाबाहेर जात नसे. ती सासरी राहिली तरी तिचा हक्क माहेरच्या जमिनीवर, आणि तिची जबाबदारी माहेरच्या माणसांवर. नवऱ्याने तिला मारले किंवा अपमान केला तर तिचे भाऊबंद चालून येत आणि त्याच्या घरातले सामान, धान्य, होड्या भरपाई म्हणून उचलून नेत. ‘मुरू’ नावाची ही मान्य रीत होती आणि तिला प्रतिकार करणे कमीपणाचे मानत. पूर्व किनाऱ्यावरच्या न्गाती पोरोऊ जमातीत हिनेरुपे, हिनेतापोरा, रुआताउपारे अशा पूर्वज स्त्रियांच्या नावांची सभागृहे आजही उभी आहेत. वंशावळ स्त्रीकडून चालते तेव्हा घरही तिच्या नावाने ओळखले जाते. १८६४ मध्ये ओराकाऊच्या वेढ्यात सुमारे तीनशे माओरी अडकले असताना इंग्रज सैन्याने स्त्रिया आणि मुलांना बाहेर सोडण्याची तयारी दाखवली. आहुमाई ते पाएराता यांनी उत्तर दिले की पुरुष मरणार असतील तर आम्ही आणि मुलेही मरू. त्या जबर जखमी झाल्या, वाचल्या. मात्र हे उत्तर त्यांनी कुणाची बायको म्हणून दिले नव्हते. गढीत त्यांचे वडील आणि भाऊ लढत होते, आणि त्या सगळ्यांच्या वतीने बोलत होत्या.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे: ही सगळी उदाहरणे सरदारघराण्यांतल्या स्त्रियांची आहेत. माओरी समाज समतेचा नव्हता. लढाईत पकडलेल्या स्त्रिया गुलाम होत, बंदुका आल्यानंतरच्या १८१० ते १८३० च्या दशकांतल्या लढायांत तर अशा हजारो माणसांची वाताहत झाली. मोठ्या सरदारांना अनेक बायका असत, उच्चकुलीन मुलींची लग्ने जमातींच्या तहासाठी ठरत. हे झाकून सुवर्णयुगाचे चित्र रंगवणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण आक्षेपातून निघते ते एवढेच की त्या समाजात माणसाची पायरी कुळाने ठरे. ती लिंगाने आधी ठरत नसे. सरदाराच्या मुलीपेक्षा सामान्य पुरुष खाली होता आणि गुलाम पुरुष तर फारच खाली. आलेल्या इंग्रजांना नेमके हेच दिसत नव्हते, कारण त्यांच्या कायद्यात विवाहित स्त्रीला नवऱ्यापासून वेगळे अस्तित्वच जवळपास नव्हते.

हे न दिसणे फेब्रुवारी १८४० पासूनच्या कागदांत सापडते. वायटांगीचा करार देशभर फिरवून त्यावर पाचशेहून अधिक सह्या घेतल्या गेल्या. त्यांत किमान तेरा स्त्रिया होत्या. अॅना हामू यांची सही वायटांगीलाच झाली, न्गाती तोआ जमातीच्या रांगी तोपेओरा यांची कापिती भागात. पण सह्या गोळा करणारे मेजर बनबरी यांनी दक्षिण बेटावर एका थोर सरदाराच्या मुलीला सही करू दिली नाही, आणि तिला त्याचा फार राग आला. अशा किती स्त्रियांना परत पाठवले असेल त्याची नोंद कुठे ठेवलेली नाही. राजसत्तेने करार केला तो सरदारांशी. सरदार म्हणजे पुरुष, हे मात्र तिने स्वतःच्या घरून आणले होते.

पुढचा घाव जमिनीच्या कायद्याचा. १८६५ च्या कायद्याने स्थापलेले माओरी जमिनीचे न्यायालय कुळाच्या सामाईक जमिनीचे मालक ठरवून त्यांना दस्त देऊ लागले. आरंभी एका तुकड्याला दहाच नावे लावत. ज्यांची नावे लागली ते कायद्याने पूर्ण मालक झाले, बाकीचे सगळे कुळ रातोरात बेदखल. १८७३ च्या कायद्याने सगळ्या हक्कदारांची नावे लावायला सुरुवात केली आणि तेव्हा हजारो स्त्रियांची नावे दस्तावर आली. पण त्याच कायद्यात अट होती की विवाहित स्त्रीच्या जमिनीच्या खतात नवरा पक्षकार हवा. नवऱ्याच्या जमिनीच्या खतात बायको हवी, अशी अट नव्हती. सातबाऱ्यावर नाव बहिणीचे आणि सही दाजींची, हा प्रकार आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

इथे कुणी म्हणेल की स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता मिळाली ही प्रगतीच झाली. काही जणींनी तिचा उपयोग केला हे खरे. वायरारापाच्या निनिवा इ ते रांगी किंवा हॉक्स बेच्या एअरिनी डॉनेली यांनी न्यायालयात वंशावळी तोंडपाठ मांडून मोठमोठे दावे चालवले आणि वकिलांना घाम फोडला. पण मिळाले काय याचा हिशेब नीट करायला हवा. पूर्वी स्त्रीला तिथे राहण्याचा, पिकवण्याचा आणि जमिनीविषयी बोलण्याचा हक्क होता. आता तिच्याकडे विकता येईल असा एक हिस्सा आला. सगळ्या मुलांना समान वारसा, अशी न्यायालयाची रीत. त्यामुळे पिढीगणिक हिस्से बारीक होत गेले, कसण्याजोगे राहिले नाहीत, आणि कर्जात किंवा मोजणीच्या खर्चात सहज गेले. १८९० च्या दशकात उत्तर बेटावरची निम्म्याहून अधिक जमीन माओरींच्या हातून गेली होती, दक्षिण बेटावरची तर जवळपास सगळीच. वायपातूच्या सभेतली मागणी या पडझडीत उभी आहे. १८९७ मध्ये कोताहितांगाच्या निवडणुकांत स्त्रियांना मत मिळाले, पण काही वर्षांतच ती संसदच विरली. देशाच्या संसदेसाठी १८९३ मध्ये माओरी स्त्रियांनीही मत दिले, मात्र ते फक्त चार राखीव जागांसाठी, आणि त्या जागांवर गुप्त मतदान सुरू व्हायला १९३८ उजाडावे लागले.

जमिनीबरोबर ज्ञानही हातचे गेले. १८६७ च्या कायद्याने खेड्यापाड्यांत माओरी शाळा निघाल्या. मुलींसाठी पुढे वसतिगृहांच्या शाळा आल्या, आणि तिथे धुणे, इस्त्री, शिवण, स्वयंपाक यांवर भर राहिला. चांगली गृहिणी घडली म्हणजे समाज सुधारेल ही त्या काळची कल्पना. शिकलेल्या मुलींतून परिचारिका, शिक्षिका झाल्या हे नाकारायचे नाही. पण माओरींवर पोथ्या लिहिणारेही याच काळातले. एल्सडन बेस्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुरुषांना विचारून पुरुषांचे जग टिपले आणि माओरी स्त्री ही अपवित्र, गौण, असे चित्र ग्रंथांत पक्के केले. त्याला आतून उत्तर देणारी स्त्री होती माकेरेटी. रोटोरुआजवळच्या फाकारेवारेवा इथे गरम पाण्याचे झरे दाखवणारी वाटाडी म्हणून ती प्रसिद्ध होती. पुढे इंग्लंडला गेल्यावर तिने ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि आपल्याच लोकांवर प्रबंध लिहायला घेतला. बाळंतपण, मुलांचे संगोपन, लग्न, अन्न, आग असे विषय तिने वडीलधाऱ्यांकडून शिकलेल्या तपशिलांनी मांडले. प्रबंध पुरा होण्याआधीच १९३० मध्ये ती गेली. पुस्तक १९३८ मध्ये निघाले. बेस्ट यांच्या पोथ्या तोवर प्रमाण होऊन बसल्या होत्या, आणि विद्यापीठांत त्यांना सविस्तर आव्हान मिळायला आनी मिकाएरे यांच्यासारख्या कायद्याच्या अभ्यासक स्त्रियांची पिढी यावी लागली.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक माओरी खेड्यांत होते. १९४५ मध्ये शहरांत राहणारे सुमारे एक चतुर्थांश. १९८६ पर्यंत चारांतले तीन किंवा त्याहूनही अधिक. एवढ्या वेगाने खेडी रिकामी झाल्याची उदाहरणे जगात थोडी आहेत. या स्थलांतराचा पहिला भार स्त्रियांवर पडला, कारण शहरातल्या घरात आई, बाप आणि मुले एवढीच माणसे, आजी नाही, मावशा नाहीत, चालून येणारे भाऊ नाहीत. सप्टेंबर १९५१ मध्ये वेलिंग्टनला माओरी स्त्री कल्याण संघ स्थापन झाला. फिना कूपर पहिल्या अध्यक्ष. जमातींच्या सीमा ओलांडणारी माओरींची ही पहिली देशव्यापी संघटना, असे म्हणतात. पाचसहा वर्षांत तिच्या तीनशेहून अधिक शाखा झाल्या, आणि ऑकलंडमध्ये सभासद बायकांनी दारोदार फिरून कोणत्या खोलीत किती माणसे झोपतात याच्या नोंदी सरकारपुढे ठेवल्या.

या संघाला नंतरच्या काळात मवाळ, घरगुती, सरकारधार्जिणा असे म्हटले गेले. मला हा निवाडा घाईचा वाटतो. १९६४ मध्ये शिक्षण खात्याने शाळांसाठी एक सचित्र पुस्तिका काढली, ‘वॉशडे अॅट द पा’. छायाचित्रकार अॅन्स वेस्त्रा. खेड्यातल्या एका माओरी कुटुंबाचा धुण्याचा दिवस, आणि त्यात गार पाय शेकायला मूल चुलीवर उभे आहे असा एक फोटो. फोटो सुंदर होते, आपुलकीनेच काढलेले होते. संघाने तरीही विरोध केला आणि सरकारने ३८ हजार प्रती मागे घेऊन नष्ट केल्या. पुस्तक नष्ट करणे कुणालाही रुचू नये. पण सभासदांची बाजू समजून घ्यावी: अन्न शिजते त्या जागी पाय ठेवणे माओरी रीतीला धरून नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घर भाड्याने मागायला गेलेल्या माओरी बाईकडे घरमालक हेच चित्र डोक्यात घेऊन पाहणार होता. घर मिळते की नाही, मूल जवळ राहते की सरकारी देखरेखीत जाते, हे अशा चित्रांवर ठरत होते. स्वच्छ पडद्यांचा तो आग्रह म्हणजे राहण्याच्या हक्काची लढाई होती.

आणि कूपर यांचे आयुष्य एका रेषेत पाहिले तर जमीन कुठेच सुटत नाही. १९१४ च्या सुमारास, त्या अठराएक वर्षांच्या असताना, होकिआंगातल्या त्यांच्या गावाजवळची भरतीची चिखलजमीन एका गोऱ्या शेतकऱ्याला भाडेपट्ट्याने दिली गेली. गावाचे शिंपले, मासे तिथे होते. तो निचऱ्याचे चर खणत गेला आणि ही मुलगी माणसे घेऊन ते चर मागोमाग बुजवत गेली. शेवटी भाडेपट्टा रद्द झाला. १४ सप्टेंबर १९७५ रोजी, ७९ व्या वर्षी, त्याच बाईंनी देशाच्या उत्तर टोकाच्या ते हापुआपासून चालायला सुरुवात केली आणि १३ ऑक्टोबरला सुमारे हजार किलोमीटरवरच्या संसदेत साठ हजार सह्यांचा अर्ज दिला: आता एकही एकर जाऊ देणार नाही. तीन वर्षांनी रॅग्लनच्या ईवा रिकार्ड यांना गोल्फच्या मैदानावर अटक झाली. महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेली त्यांच्या लोकांची जमीन युद्धानंतर परत न करता तिथे, दफनभूमीसकट, मैदान केले होते. ती जमीन पुढे परत मिळाली.

भाषेचा लढाही स्त्रियांनीच ओढला. १९१३ मध्ये शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी नव्वद टक्के माओरी बोलत. १९७५ मध्ये पाच टक्क्यांहून कमी. १९७२ मध्ये तीस हजारांहून अधिक सह्यांचा भाषेचा अर्ज संसदेला दिला तो हाना ते हेमारा यांनी. १९८२ मध्ये वायनुइओमाता इथे पहिली ‘कोहांगा रेओ’, म्हणजे माओरी भाषेतली बालवाडी निघाली, आणि तीन वर्षांत अशा चारशेहून अधिक बालवाड्या झाल्या. भाषा येत होती ती आज्यांना, मधल्या पिढीला ती येत नव्हती. म्हणून आज्या सकाळी सभागृहाच्या ओसरीवर येऊन बसत, मुलांशी फक्त माओरीत बोलत आणि त्याचे मानधन बहुधा नाममात्र असे. १९८४ मध्ये ऑकलंडच्या टेलिफोन केंद्रातल्या नायडा ग्लॅविश यांना फोन घेताना ‘किआ ओरा’ म्हणू नका, असा हुकूम झाला. त्यांनी ऐकले नाही, देशभर गदारोळ झाला आणि पंतप्रधानांनाच माघारीचा शब्द द्यावा लागला. तीन वर्षांनी माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली.

सर्वांत कठीण आक्षेप मराएचा आहे. मराए म्हणजे जमातीचे सभास्थान. तिथे पाहुण्यांना पहिली हाक स्त्री देते, तिच्या हाकेशिवाय कार्यक्रमच सुरू होत नाही. पण बहुतेक जमातींत औपचारिक भाषण पुरुषच करतात. मग हे पुरुषी वर्चस्व इंग्रजांनी आणले असे कसे म्हणायचे? माझ्या मते सगळे त्यांच्यावर ढकलता येत नाही, आणि ढकलू नये. पण ही रीत सर्वत्र एकसारखीही नाही. न्गाती पोरोऊ आणि शेजारच्या जमातींत थोर घराण्यांतल्या स्त्रिया बोलत आल्या आहेत. याच भागातल्या मिही कोतुकुतुकु एकदा ते अरावा जमातीच्या मराएवर बोलायला उठल्या, तेव्हा यजमान सरदारांनी बसायला सांगितले. त्यांनी भाषण पुरे केले आणि मग वंशावळ सांगून दाखवून दिले की त्या सगळ्यांपेक्षा आपली शाखा थोरली आहे. मिरा साझी यांनी स्त्री कल्याण संघाचे अध्यक्षपद सांभाळल्यानंतर याच प्रश्नावर माओरी पुरुषांना जाहीरपणे विचारले की बदल फक्त स्त्रियांच्याच बाबतीत का थांबतो. गोऱ्या पुरुष पाहुण्याला भाषणाची मुभा मिळते आणि त्याच ओट्यावरच्या विदुषी आजीला मिळत नाही, हे माओरी अभ्यासक स्त्रियांनीच दाखवले. १९९८ मध्ये वायटांगीला विरोधी पक्षनेत्या हेलन क्लार्क यांच्या भाषणाला टिटेव्हाय हारावीरा यांनी हरकत घेतली ती याच मुद्द्यावर: आमच्या स्त्रिया बोलत नाहीत तिथे गोरी स्त्री कशी बोलते? वर्तमानपत्रांनी त्यात फक्त क्लार्क यांचे अश्रू पाहिले. आणि स्त्रीनेच स्त्रीला अडवल्याची नोंदही ठेवायला हवी. १९४९ मध्ये इरिआका रातना संसदेला उभ्या राहिल्या तेव्हा साथीत अनाथ झालेली शंभरेक मुले सांभाळणाऱ्या, न्गारुआवाहियाचे मराए उभारणाऱ्या ते पुएआ हेरांगी यांनीच स्त्री उमेदवाराला विरोध केला. रातना निवडून आल्या, पहिल्या माओरी स्त्री खासदार झाल्या आणि वीस वर्षे राहिल्या.

घरातल्या हिंसेबाबतही असेच. १९९४ च्या ‘वन्स वेअर वॉरियर्स’ चित्रपटाने मार खाणारी माओरी बाई जगभर पोचवली, आणि हे त्यांच्या संस्कृतीतच आहे असा समज घट्ट झाला. मारणाऱ्याचा दोष कुणी कमी करू नये. पण बाईच्या मागे उभे राहणारे कुळ तोडले, त्याची जागा पोलीस आणि कल्याण खात्याने घेतली, आणि त्या खात्यांनी बाईला वाचवण्याऐवजी बहुतेकदा तिची मुलेच नेली, हाही त्याच हिंसेचा भाग आहे. माओरी लोकसंख्येत सहांत एक, पण तुरुंगातल्या स्त्रियांमध्ये माओरी साठ टक्क्यांहून अधिक. २०१७ ते २०१९ च्या आकड्यांनुसार माओरी स्त्रीचे सरासरी आयुर्मान ७७ वर्षे, इतर स्त्रियांपेक्षा सुमारे सातने कमी. नानाइआ माहुता परराष्ट्रमंत्री झाल्या, सिंडी किरो गव्हर्नर जनरल झाल्या, २०२४ मध्ये सत्तावीस वर्षांची न्गा वाई होनो इ ते पो माओरींची राणी झाली. हे मोठेच आहे. तरी या दोन आकड्यांवर त्यांचा परिणाम अजून दिसत नाही.

१९९३ मध्ये स्त्री कल्याण संघाच्या सोळा स्त्रियांनी, कराराच्या भंगाचे दावे ऐकणाऱ्या वायटांगी न्यायाधिकरणापुढे दावा दाखल केला. मत्स्यव्यवसायाच्या आयोगासाठीच्या यादीतून एका मान्यवर ज्येष्ठ माओरी स्त्रीचे नाव वगळले गेले, हे त्याचे तात्कालिक कारण. मूळ म्हणणे असे की करारात स्त्रियांचे नेतृत्वही आले होते आणि राजसत्तेने ते जाणून दुर्लक्षिले. दावा पंचवीस वर्षे पडून होता. २०१८ मध्ये चौकशी सुरू झाली आणि २०२१ पासून सुनावण्या. न्यायाधिकरणाच्या शिफारशी बहुतांशी सरकारवर बंधनकारक नसतात, म्हणून निकाल अनुकूल लागला तरी त्याची अंमलबजावणी पुन्हा संसदेतल्या बहुमतावर येईल. नुकसानभरपाईत मिळालेल्या जमिनी, जंगले आणि मासेमारीचे हक्क आज जमातींचे विश्वस्त सांभाळतात. त्या विश्वस्त मंडळांत किती स्त्रिया बसतात आणि जमिनीचे निर्णय कोण घेते, हे ठरवायला मात्र कोणत्याही न्यायाधिकरणाची वाट पाहावी लागत नाही.